दुकान तुझं, मग खातं कुणाचं?



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बायकांची छोटी छोटी ऑनलाइन दुकानं बरीच निघाली. बिगर कांदा-लसणाची कोल्हापुरी चटणी, मेतकूट, तिळाची चिक्की, हातानं विणलेली तोरणं. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात, मग घरातला कुणी भाचा-पुतण्या दोन रात्री जागून वेबसाइट करून देतो. फोटो झाले, भाव लिहिले, आणि गाडी येऊन थांबते ती पैसे कसे घ्यायचे या पानावर. तिथं ‘पेमेंट गेटवे’ निवडा म्हणतात. बस्तीत भेटल्यावर, मंडळात, लग्नाच्या पंगतीत मला विचारतात, “ताई, त्यातल्या त्यात स्वस्त कुठलं?”

माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न असा, की त्या फॉर्मवर पॅन कुणाचं घालणार आणि पैसे कुणाच्या खात्यात उतरणार.

बहुतेक घरांत होतं असं, की फॉर्म भरायला मुलगा किंवा नवरा बसतो. “आमचं करंट अकाउंट आहेच की, त्यालाच जोडू,” म्हणतो. त्यात वाईट हेतू नसतो, सोय असते. पण मिरची तुम्ही निवडली, देठं तुम्ही खुडली, कांडपाशी उभं राहून ठसका तुम्ही खाल्ला, आणि धंद्याची सगळी नोंद झाली दुसऱ्याच्या नावावर. तीन वर्षांनी बँकेत कर्ज मागायला गेलात तर तुमची उलाढाल शून्य दिसते. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं यजमान अचानक गेले. दुकान त्यांचं, खातं यजमानांचं. ऐन सणाच्या ऑर्डरींचे पैसे त्या खात्यात जाऊन बसले आणि कागदपत्रं पुरी होईपर्यंत त्यांना हात लावता येईना. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं केवायसी त्या माणसाच्या पॅनवर असतं. तो माणूस गेला की ते खातं बायकोच्या नावावर सरकत नाही, नवं उघडावं लागतं. दुःखात असताना ओटीपी शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

म्हणून आधी स्वतःच्या नावाचं बँक खातं. उद्यम नोंदणीही स्वतःच्या आधारवर करा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, पैसे मागणारा एजंट कशाला हवा? नोंदणी नसलेल्या एकटीच्या धंद्यालाही काही कंपन्या घेतात, त्यासाठी पॅन आणि त्याच नावाचं खातं लागतं. अडचण येते ती ‘त्याच नावाचं’ यात. आपल्यात पॅनवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, आधारवर तिसरंच काही. अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण. ती नावं आधी एक करून घ्या, मग वेबसाइटवाल्याला बोलवा.

आता स्वस्त-महागाकडे वळू. गेटवे म्हणजे मधला माणूस. ग्राहक कार्डानं, यूपीआयनं, नेट बँकिंगनं पैसे भरतो. कंपनी ते गोळा करते आणि आपलं शुल्क कापून दोन-तीन दिवसांत तुमच्या खात्यात सोडते. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअ‍ॅव्हेन्यू, इन्स्टामोजो ही नावं तुम्ही ऐकली असतील. जाहीर दर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. ऐकायला किरकोळ. पण हिशेब करून बघा. ६०० रुपयांच्या ऑर्डरीवर दोन टक्के म्हणजे १२ रुपये, त्यावर जीएसटी २ रुपये १६ पैसे, हातात आले ५८५ रुपये ८४ पैसे. टक्के विक्रीवर कापतात, नफ्यावर नाही. मिरची, खोबरं, कांडप, पाकीट, कुरिअर जाऊन त्या ६०० त तुम्हाला ९० सुटत असतील, तर १४ रुपये म्हणजे नफ्यातला जवळजवळ सहावा हिस्सा. शिवाय ग्राहकानं पैसे परत मागितले तर मूळ रक्कम तुम्ही देता, पण कापलेलं शुल्क सहसा परत येत नाही. जीएसटी नंबर नसेल तर ते २ रुपये १६ पैसेही गेलेच.

म्हणून माझा सल्ला, महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तोवर गेटवेच्या मागे लागू नका. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून एमडीआर घ्यायचा नाही असा सरकारी नियम आहे. तुमच्या बँकेचा क्यूआर वेबसाइटवर लावला की पैसे थेट तुमच्या खात्यात. गेटवेमार्फत यूपीआय घेतलं तर मात्र काही कंपन्या आपल्या सेवेचं शुल्क लावतात, तेव्हा “यूपीआयला किती?” हे वेगळं विचारून घ्या.

क्यूआरमध्ये एक काच आहे. ग्राहक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि आपण भिडेखातर पार्सल बांधतो. असे खोटे स्क्रीनशॉट करणं आता पोरासोरांनाही जमतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पाकिटाला टेप लावायचा नाही, समोरची व्यक्ती कितीही ‘वहिनी, वहिनी’ करो. आणि पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन.

ऑर्डरी वाढल्या, कुणी कुठले पैसे भरले हे वहीत जुळवता जुळवता रात्रीचे अकरा वाजू लागले, की मग गेटवे घ्या. तेव्हा ते १४ रुपये तुमच्या झोपेचे असतात, ते जरूर द्या. फक्त वार्षिक फी किंवा सुरुवातीची फी मागणाऱ्याकडे जाऊ नका. आपल्या आकाराच्या दुकानाला त्याची गरज नाही. वेबसाइटला जोडायच्या आधी नुसती पेमेंट लिंक पाठवून महिनाभर चालवून बघता येतं, तेही करा.

कंपनीकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. मार्च २०२० मध्ये या कंपन्यांसाठी नियम आले. दुकानदारांचे पैसे कंपनीनं आपल्या पैशांत न मिसळता बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, हा त्यातला आपल्या कामाचा नियम. नाव मोठं म्हणजे सगळं सुरळीत, असंही धरून चालू नका. डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे दुकानदार घेणं थांबवायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आणि परवाना मिळेपर्यंत वर्षभर ते बंद राहिलं. २०२४ च्या सुरुवातीला पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ज्यांचे क्यूआर त्या बँकेच्या खात्याला जोडलेले होते त्यांना १५ मार्चच्या आत दुसरं खातं जोडायची धावपळ करावी लागली. म्हणून बँकेचा साधा क्यूआर कायम चालू ठेवा, गेटवे असला तरी.

पैसे किती दिवसांनी हातात येतात, याकडे आपण बायका कमी लक्ष देतो, आणि मला हा मुद्दा टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. लिज्जतचं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथं लाटणाऱ्या बहिणींना वणाई रोजच्या रोज द्यायची पद्धत पडली. ज्या घरात उद्याचं दूध उद्याच्या पैशावर येतं, तिथं हातात आलेला रुपया आणि ‘येणार आहे’ असा रुपया सारखा नसतो. तुम्ही मदतीला दोघी-तिघींना बोलावत असाल, तर त्यांची मजुरी शनिवारी द्यायची असते. गेटवेचे दोन-तीन दिवस कामाच्या दिवसांत मोजतात का, मध्ये रविवार आला तर काय, पहिल्या महिन्यात पैसे जास्त दिवस अडकवतात का, हे लेखी विचारा.

आणखी एक मला खटकतं. काही दुकानं भाव ६०० लिहितात आणि शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ म्हणून पंधरा रुपये चढवतात. अचौर्य अणुव्रतात कमी माप देणं हाही दोष धरला आहे. आधी एक सांगून शेवटी वेगळं घेणं मला त्याच जातीचं वाटतं. खर्च भरून निघत नसेल तर सरळ ६१५ लिहा. आपलं गिऱ्हाईक पंधरा रुपयांनी पळत नाही, फसवल्यासारखं वाटलं की पळतं.

बाहेरगावच्या गिऱ्हाइकांचं थोडं सांगते. चटणी-मसाल्यावर जीएसटी आहे. राज्यातल्या राज्यात विकताना उलाढालीची मर्यादा ओलांडेपर्यंत नोंदणी लागत नाही, पण बेळगाव-बेंगळुरूला एक पाकीट विकलं तरी लागते. हे सीएंना विचारूनच वेबसाइटवर ‘सर्वत्र घरपोच’ लिहा. भाची सिंगापुरात आहे आणि पुण्यातल्या आत्यासाठी तिला पार्सल पाठवायचंय, तर परदेशी कार्ड घेण्यासाठी जास्त शुल्क भरायची घाई नको. अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, दुबई अशा काही ठिकाणच्या भारतीयांना जानेवारी २०२३ पासून तिथल्या मोबाइल नंबरवरून आपल्या एनआरई-एनआरओ खात्यातून यूपीआय करायची परवानगी मिळाली आहे. तिला आधी तेच विचारा.

कार्डानं पैसे भरणारा ‘माल मिळालाच नाही’ म्हणून बँकेकडे तक्रार करू शकतो आणि मग रक्कम तुमच्याकडून परत खेचली जाते. कुरिअरच्या पावत्या सहा महिने जपून ठेवा, डब्याच्या झाकणाखाली ठेवल्या तरी चालेल.

दिवाळीसाठी गेटवे हवा असेल तर अर्ज पर्युषणाच्या आधीच करा. परतीचे नियम, पत्ता, फोन नंबर, अन्न परवान्याची नोंद वेबसाइटवर नसेल तर अर्ज अडतो, आणि नावाची दुरुस्ती निघाली तर त्यात आठवडे जातात. अर्ज करण्याआधी दोन-तीन कंपन्यांना एकच प्रश्न मेलवर विचारा: “ग्राहकाचे पैसे कापले गेले पण ऑर्डर आली नाही, तर मी कुणाला फोन करू?” जी माणसाच्या भाषेत, दोन दिवसांच्या आत उत्तर देईल, तिच्याकडे अर्धा टक्का जास्त गेला तरी मी तीच घेईन.