भाताचं पाणी सोडताना खालच्या भाजीवाल्याचा विचार करा

राजनाल्याच्या पाण्यावर आमच्या कर्जत भागात उन्हाळी भात होतो. खाचरातून निघालेलं पाणी ओहोळाला लागतं आणि खाली कोणीतरी त्याच पाण्यावर पंप लावून काकडी, भेंडी, वांगी करतो. लावणीनंतर महिनाभरात या भाजीवाल्यांची एकच तक्रार असते: पानं वळली, शेंडा बारीक झाला, वाढ थांबली. दुकानात पान दाखवलं की उत्तर ठरलेलं, "व्हायरस आहे." मग पांढऱ्या माशीचं औषध, टॉनिक, परत औषध. पैसे जातात, वेल काही सुधारत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की यातला काही भाग व्हायरस नसतो, वरच्या भाताच्या तणनाशकाचं पाणी असतं.

ओळखायचं कसं? व्हायरस इथे एक झाड, तिथे एक झाड असा पसरतो. पाण्याचा मार बहुतेक एकदम दिसतो, ज्या सऱ्यांना ते पाणी गेलं त्या सगळ्या सऱ्यांत, आणि नव्या पानावर जास्त. विहिरीच्या पाण्यावरची ओळ चांगली असेल तर संशय पक्का धरा. 2,4-डी असेल तर पान अरुंद होतं, शिरा जवळजवळ येतात, देठ पिळवटतो. हे औषध रुंद पानाच्या तणासाठीच आहे, आणि आपली भाजी सगळी रुंद पानाचीच.

"एवढ्या पाण्यात औषध पातळ होत नाही का?" होतं. एक एकरात 5 सेंमी पाणी म्हणजे साधारण 2 लाख लिटर. पण मेटसल्फ्युरॉन-क्लोरिम्युरॉनची पुडी एकरी 8 ग्रॅमचीच असते, आणि त्यातलं खरं औषध दीड ग्रॅमच्या आसपास. जे इतक्या कमी मात्रेत तण मारतं, त्याला पातळ झालंय म्हणून निर्धास्त सोडता येत नाही. त्यात भाजीला तेच पाणी दर तीन-चार दिवसांनी मिळतं.

तणनाशक बंद करा असं मी म्हणत नाही. बेणणीला माणूस मिळत नाही हे मलाही माहीत आहे. मागणी एवढीच आहे:

1. लावणीनंतर पहिल्या पाच दिवसांत प्रेटिलाक्लोर टाकलं की बांधाची तोंडं बंद. निदान आठवडाभर पाणी खाचरातच मुरू द्या. औषध मातीला धरतं, तणावर कामही चांगलं होतं. पाणी सोडलं म्हणजे आपलेच पैसे वाहून गेले.
2. बिसपायरिबॅकसाठी पाणी काढायचंच असतं, पण ते फवारणीच्या आधी. नंतर दोन दिवसांत पाणी भरा आणि धरून ठेवा.
3. फवारायच्या आदल्या दिवशी खालच्या माणसाला एक फोन करा. तो आठ दिवस दुसरं पाणी बघेल.
4. पावसाळ्यात मोठा पाऊस सांगितला असेल तर फवारणी पुढे ढकला.

हे काही नवीन नाही. कॅलिफोर्नियात 1980 च्या दशकात भाताच्या तणनाशकांमुळे निचऱ्याच्या पाण्यात मासे मेले, सॅक्रामेंटो शहराच्या पिण्याच्या पाण्याला कडवट चव आली. तेव्हा तिथे फवारणीनंतर ठरावीक दिवस पाणी शेतातच धरायचा नियम झाला. आपल्याकडे पाणी वापर संस्था आहेत. पाण्याची पाळी ठरते तशी फवारणीची तारीखही ठरवता येईल. पुडी विकताना दुकानदारानेही "पाणी सोडू नका" एवढं सांगायला हवं.

भाजीवाल्यांनी एक करा. दोन कुंड्यांत काकडी किंवा मूग पेरा, एकीला ओहोळाचं पाणी, दुसरीला विहिरीचं. आठ-दहा दिवसांत फरक दिसला तर फोटो काढा आणि कृषी सहायकाला दाखवा. भांडण नंतर, आधी पुरावा.

वरच्याचं भात पिकावं आणि खालच्याची काकडीही बाजारात जावी. मधे फक्त आठ दिवस पाणी धरायचं आहे. तुमच्या भागात असं झालंय का, कमेंटमध्ये लिहा.