पावसाचा अंदाज आरोग्य खात्यानेही वाचावा

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंकेला झोडपले. पूर आणि दरडींमध्ये सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी बातम्यांत आकडे येतात ते बुडालेल्यांचे आणि ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांचे. पाणी ओसरले की बातमीही ओसरते. डॉक्टरांचे काम मात्र तेव्हा सुरू होते. पुराच्या चिखलातून चालत गेलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिसचा ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी चढतो. साचलेल्या पाण्यात वाढलेले डास डेंग्यूचे रुग्ण घेऊन येतात ते महिना-दोन महिन्यांनी. हे रुग्ण दगावले, तर त्यांची गणना सहसा वादळाच्या बळींत होत नाही.

पण याच दिरंगाईत एक संधी दडलेली आहे. पाऊस आणि आजार यांच्यामध्ये काही आठवडे मिळतात. पाऊस येणार हे आधी कळले, तर आणखी काही आठवडे मिळतात. म्हणूनच माझे मत असे, की पाऊस आणि समुद्राची पाहणी हे सार्वजनिक आरोग्याचे काम मानले पाहिजे. अंदाज फक्त पेरणी आणि मासेमारीपुरता ठेवणे श्रीलंकेसारख्या बेटाला परवडणारे नाही.

हे बेट आकाराने लहान असले, तरी तिथला पाऊस सोपा नाही. नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे तिथे पाऊस आणतात आणि त्यांच्या मधल्या महिन्यांतही सरी कोसळतात. भाताचे हंगामही दोन, ‘याला’ आणि ‘महा’. मध्यभागी डोंगर असल्याने नैऋत्येकडच्या ओल्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर उत्तर आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात पावणेदोन हजारांहून कमी. संपूर्ण देशासाठी एकच अंदाज म्हणजे सगळ्या वॉर्डाला एकच औषध लिहून देण्यासारखे झाले.

या पावसाची नाडी लागते ती समुद्रात. प्रशांत महासागरातला एल निनो आपण ऐकून आहोत. तसाच झोका हिंद महासागरातही असतो. कधी त्याची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा जास्त तापते आणि इंडोनेशियाकडची बाजू थंड होते, तर कधी याच्या उलट. यालाच ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात. १९९९मध्ये भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी तो प्रथम नीट मांडला. त्यांच्यातले भूपेंद्रनाथ गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पश्चिम बाजू तापलेली असली, की ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये श्रीलंकेत सहसा जास्त पाऊस होतो. समुद्राचे तापमान सावकाश बदलते, त्यामुळे हा इशारा काही आठवडे आधी मिळू शकतो. त्यासाठी उपग्रह आहेत, समुद्रात नांगरलेली यंत्रे आहेत आणि ‘आर्गो’ नावाची तरंगती यंत्रेही आहेत. जगभर अशी सुमारे चार हजार यंत्रे दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपर्यंत बुडी मारून वर येतात आणि मोजलेले तापमान व क्षारता कळवतात.

एवढी माहिती हाताशी असताना ती रुग्णालयापर्यंत पोहोचली पाहिजे. २०१७मध्ये श्रीलंकेत डेंग्यूचे १ लाख ८६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, चारशेहून अधिक दगावले. मेअखेर मोठा पूर आला होता आणि जुलैमध्ये साथीने टोक गाठले. हा हिशेब कोणत्याही डॉक्टरच्या ओळखीचा आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, विषाणू डासात वाढायला जवळपास तेवढेच आणि डास चावल्यावर ताप यायला चार ते सात दिवस. अशी दोन-तीन आवर्तने झाली, की खाटा कमी पडू लागतात. त्या वर्षीच्या साथीला विषाणूच्या प्रकारातला बदल आणि शहरांतला कचरा हीदेखील कारणे होती. तरी पावसाने घातलेली वेळ कुणाला चुकली नाही.

मात्र ‘जास्त पाऊस म्हणजे जास्त आजार’ असे सरळ समीकरण कुणी मांडू नये. श्रीलंकेच्या इतिहासातली सर्वांत भीषण हिवतापाची साथ दुष्काळातून आली. १९३४मध्ये नैऋत्य मोसमी पावसाने दगा दिला. एरवी दुथडी वाहणाऱ्या नद्या आटल्या, त्यांच्या पात्रांत डबकी उरली आणि हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासांना तेच हवे होते. ओल्या पट्ट्यातल्या लोकांना हिवतापाची फारशी सवय नव्हती, त्यामुळे प्रतिकारशक्तीही नव्हती. पुढच्या काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसे मरण पावली. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ लाखांच्या आत होती.

१९६३मध्ये त्याच देशात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण उरले. रोग संपला असे वाटून फवारणी आणि पाहणी ढिली पडली. पुढे पाऊस कमी झालेली वर्षे आली आणि दशक संपेपर्यंत रुग्ण पाच लाखांवर गेले. चिकाटीने काम करून श्रीलंकेने २०१६मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. पण जवळपास त्याच सुमारास उत्तरेकडच्या मन्नारमध्ये ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा विहिरी आणि टाक्यांत वाढणारा डास सापडला. नजर हटवायची मुभा अजूनही नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, ‘अंदाज चुकतात, मग खर्च कशाला?’ अंदाज चुकतात हे खरे आहे. पण वैद्यकात आम्ही तरी कुठे खात्रीची वाट पाहत बसतो? पुरानंतर भातशेतीत राबणारा माणूस ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि लाल डोळे घेऊन आला, तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत प्रतिजैविक थांबवून ठेवत नाही, कारण तोवर मूत्रपिंड निकामी होऊ शकते. शक्यता किती आणि चुकीची किंमत किती, हे तोलून निर्णय घ्यायचा असतो. अंदाजाचेही तसेच. शक्यता थोडी वाढली, तर डासांची ठिकाणे तपासणे आणि लोकांना सावध करणे पुरे, त्यात फारसे नुकसान नाही. शक्यता बरीच वाढली, तर डॉक्सिसायक्लिन, सलाइन, तपासणी संच आणि खाटांची तयारी. कोणत्या पातळीला कोणी काय करायचे, हे मात्र आकाश निरभ्र असतानाच लिहून ठरलेले हवे.

श्रीलंकेचा साथरोग विभाग दर आठवड्याला जिल्हावार रुग्णसंख्या प्रसिद्ध करतो, तर तिथल्या हवामान खात्याकडे पावसाच्या दीर्घकाळाच्या नोंदी आहेत. गरज आहे ती हे दोन्ही तक्ते एकाच टेबलावर ठेवण्याची. उपग्रह ढग दाखवतो, पण एखाद्या खोऱ्यात नेमका किती पाऊस पडला याची खातरजमा जमिनीवरचे पर्जन्यमापकच करते. म्हणून प्रत्येक तालुक्यात चालू स्थितीतले पर्जन्यमापक असणे हे तिथल्या दवाखान्यात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असण्याइतकेच आवश्यक आहे.

हा केवळ शेजाऱ्याचा प्रश्न नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज आपल्याबरोबर श्रीलंका आणि मालदीवलाही पुरवते. ज्या समुद्रावरून तिथला पाऊस येतो, त्याचाच शेजार कोकणाला आहे आणि भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही लेप्टोचा तोच धोका आहे. हवामान खात्याचा पुढच्या महिन्याचा अंदाज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचतो का आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते, हे आपणही विचारले पाहिजे.