फिटच्या गोळ्या सुरू करण्याआधी एक ईसीजी काढा

तुमच्या ओळखीत अशी एखादी मुलगी असेल. शाळेत पळताना ती धाडकन पडते, हातपाय झटकते आणि मिनिटभरात उठून बसते. कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल. घरचे म्हणतात अशक्तपणा, शेजारी म्हणतात बाहेरचं काहीतरी. डॉक्टरांकडे नेलं की ईईजी होतो, मेंदूचा स्कॅन होतो, फिटच्या गोळ्या सुरू होतात. काही शे रुपयांचा ईसीजी मात्र राहून जातो. ही चूक आम्हा डॉक्टरांची आहे.

हृदयाचा ठोका विजेवर चालतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी मोबाईलसारख्या पुन्हा चार्ज होतात. काही जणांत जन्मजात जनुकीय दोषामुळे या चार्जिंगला जास्त वेळ लागतो. ईसीजीवर तो क्यूटी या अंतरात दिसतो, म्हणून आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. इटलीतल्या नवजात बालकांच्या मोठ्या पाहणीत त्याचं प्रमाण सुमारे 2000 मध्ये एक असं निघालं. चार्जिंग अर्धवट असताना पुढचा ठोका पडला तर हृदय नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त मिळत नाही आणि झटके येतात. दिसायला हुबेहूब फिट! बहुतेक वेळा थरथर आपोआप थांबते. थांबली नाही, तर जीव जातो.

मग ओळखायचं कसं? उन्हात प्रार्थनेला उभं असताना मळमळून, घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आलेली चक्कर बहुधा निरुपद्रवी असते. पण धावताना, पोहताना, किंवा गजर वा फोनच्या आवाजाने दचकून माणूस कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला, तर आधी हृदयाचा संशय घ्या. घरात कोणी तरुणपणी झोपेत गेलं असेल, किंवा पट्टीचा पोहणारा विहिरीत बुडाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणखी एक. जन्मतः कर्णबधिर मुलाला चक्कर येत असेल तर ईसीजी हवाच. बहिरेपणा आणि लाँग क्यूटी एकत्र असलेलं कुटुंब नॉर्वेतल्या डॉक्टरांनी 1957 मध्ये नोंदवलं. त्या प्रकारात दोष आई आणि वडील दोघांकडून येतो, त्यामुळे आपल्याकडच्या मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांत त्याची शक्यता वाढते.

'टू-डी इको नॉर्मल आहे' यावर समाधान मानू नका. इको म्हणजे घराच्या भिंती तपासणं. वायरिंग त्यात दिसत नाही. ईसीजीच्या कागदावर मशीनने छापलेल्या 'नॉर्मल' या शब्दावरही विसंबू नका. "क्यूटीसी किती आहे, तुम्ही स्वतः मोजलात का?" असं विचारा. डॉक्टर रागावले तर रागावू देत. पुरुषांत साधारण 450 आणि स्त्रियांत 460 मिलिसेकंदांपर्यंत ठीक. 500 च्या पुढे धोका बराच वाढतो. एखादा ईसीजी नॉर्मल येऊनही आजार असू शकतो. म्हणून संशय असेल तर तो पुन्हा काढावा, ट्रेडमिलवरही पाहावा.

उपचार आहेत. बऱ्याच जणांना रोजच्या बीटा ब्लॉकर गोळ्या पुरतात, काहींना छातीत शॉक देणारं यंत्र बसवावं लागतं. अॅझिथ्रोमायसिन, उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन अशी नेहमीची औषधंही क्यूटी वाढवतात, तेव्हा निदानाची चिठ्ठी खिशात ठेवा आणि केमिस्टकडून परस्पर गोळी घेऊ नका. आणि हो, त्या मुलीच्या आईवडिलांचा आणि भावंडांचा ईसीजी त्याच आठवड्यात काढून घ्या, त्यांना आजवर एकदाही चक्कर आली नसली तरी.