राणी होण्याआधी तिचं रक्त का बदलावं लागतं?

मुलींच्या हॉस्टेलमध्ये नेट-यूपीएससीच्या गठ्ठ्याखाली हल्ली जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या सापडतात. मुखपृष्ठावर मुकुट, काटे, खंजीर. आत ‘फे’ नावाचे लोक. लहानपणच्या गोष्टींतल्या प्रेमळ पऱ्या नव्हेत. हे देखणे, शेकडो वर्षं जगणारे, सरंजामी आणि बऱ्यापैकी क्रूर. आपल्यातली जाणती माणसं या पुस्तकांना टाइमपास म्हणतात. मी ती आवडीने वाचते. आणि मला वाटतं त्यांच्याबद्दल आपण बोललं पाहिजे, कारण प्रेमाच्या आडून ती सतत जन्माबद्दल बोलत असतात.

सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) घ्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चं नवं रूप. एकोणीस वर्षांची फेयरा जंगलात शिकार करून बापाला आणि दोन बहिणींना जगवते. कधीकाळी माणसं फे लोकांची गुलाम होती. आता मध्ये भिंत आहे. एक लांडगा मारल्याच्या बदल्यात फेयराला भिंतीपलीकडे नेलं जातं. तिला वाचता येत नाही. एका परीक्षेत प्रश्न समोरच्या भिंतीवर लिहिलेला असतो आणि केवळ अक्षरं लागत नाहीत म्हणून तिचा जीव जायची वेळ येते. ज्यांच्या आज्या बसची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेत, त्यांना तो प्रसंग काय आहे ते सांगावं लागत नाही. दुसऱ्या भागात ती वाचायला शिकते. मला या मालिकेतलं सगळ्यात आवडतं ते हेच.

पण पहिल्या भागाचा शेवट बघा. (सांगून टाकते, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) तिन्ही परीक्षा ती माणूस म्हणून पार करते, कोडं सोडवते आणि मारली जाते. मग सात दरबारांचे सात अधिपती आपापल्या शक्तीचा अंश देतात आणि ती जिवंत होते, ती ‘हाय फे’ म्हणून. म्हणजे उच्च फे. कारण ‘लेसर’ फेसुद्धा आहेतच, खालचे. झाडाच्या सालीसारख्या कातडीची अ‍ॅलिस त्यांतली. तिने फेयराचे केस विंचरले, तिला वेळोवेळी सावध केलं. अ‍ॅलिसचं कोणी काही बदलत नाही. नायिकेला बदलायला मात्र कथेत कारण आहे: माणूस राहिली असती तर काही वर्षांत म्हातारी झाली असती. कारण कथेत नेहमीच असतं.

ही गाठ जुनी आहे. १७४० मध्ये फ्रान्सच्या मादाम द व्हिलनव्ह यांनी ही गोष्ट लिहिली, तेव्हा शाप उतरल्यावर राजपुत्राची आई अडून बसते: व्यापाऱ्याची पोर सून म्हणून चालणार नाही. मग उघड होतं की ब्यूटी मुळात राजाची आणि परीची मुलगी. अडचण संपली, लग्न लागलं. १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी गोष्ट छोटी केली आणि हा भाग काढून टाकला, म्हणून आपल्याला माहीत असलेली ब्यूटी व्यापाऱ्याचीच राहिली. व्हिलनव्ह यांच्याकडे उच्च जन्म सापडतो, मास यांच्याकडे तो बहाल होतो. सासूचा आक्षेप दोन्हीकडे खोडला जात नाही, फक्त त्याची पूर्तता होते.

‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस हं’ हे वाक्य कॉलेजात कौतुक म्हणून ऐकलेल्या मुलींना यातली मेख कळेल. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला, तो रक्त एकमेकांत मिसळून आपलेपणा यावा म्हणून. आडनाव, जेवण, बोली बदलून, सासरच्या कार्यक्रमाला आईला न बोलावता जे निभावलं जातं, त्यात मिसळणं कुठे आहे? एक बाजू विरघळते, एवढंच.

याच प्रकारात वेगळंही लिहिलं गेलंय. हॉली ब्लॅक यांच्या ‘द क्रुएल प्रिन्स’मधली (२०१८) ज्यूड फे लोकांत वाढते, त्यांच्या मुलांचा छळ सोसते, पण शेवटपर्यंत माणूसच राहते. फे खोटं बोलू शकत नाहीत, ती बोलू शकते. ज्याला ते हीन म्हणतात तेच तिचं हत्यार. तरी तीही राणी होऊनच थांबते, सिंहासन जागच्या जागी. माझं समाधान तिथे होत नाही.

नाओमी नोविक यांच्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’ने (२०१८) ते बरंच केलं. मिर्यम ज्यू सावकाराची मुलगी. सावकार म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, पण युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमिनीपासून आणि बऱ्याच धंद्यांपासून दूर ठेवलेलं होतं, आणि मग त्याच व्याजासाठी त्यांचा तिरस्कार केला जाई. हिवाळ्याचा राजा मिर्यमला आधी सरळ उचलून नेतो. शेवटी मात्र त्याला तिच्या आईबापाच्या दारी यावं लागतं. लग्न तिच्या लोकांच्या रीतीने, करारावर सही करून होतं. ती माणूसच राहते, ज्यूच राहते.

आणि त्यातली वांडा. दारुड्या बापाचं कर्ज फेडायला ती मिर्यमच्या घरी कामाला येते. वहीतले आकडे तिला आधी जादू वाटतात, मग ती ते शिकते. बाप परस्पर तिचं लग्न ठरवतो, तेव्हा ती नाही म्हणते. तिच्या वाट्याला राजा येत नाही. हिशेब येतो, दोन भाऊ येतात, राहायला घर येतं. तिच्याबद्दल रील कोणी बनवत नाही. मी ती पानं तीनदा वाचली आहेत.