आमच्या सोलांना पत्रादेवीपाशी का अडवता?

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलात बसा आणि 'अस्सल गोवन' काय आहे ते विचारा. विंदालू, काफ्रियाल, सोरपोतेल, शागोती आणि शेवटी बिबिंका, असं उत्तर येतं. चांगलंच असतं ते, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण मी पेडण्याचा, आजोळ डिचोलीचं. त्या यादीतली शागोती सोडली तर बाकीचं आमच्या दोन्ही घरांत कधी चुलीवर चढलं नाही. मग आम्ही गोव्यात राहून जेवतो ते कुठलं?

आता पत्रादेवीचा नाका ओलांडा, नाहीतर सातार्ड्याच्या पुलावरून पलीकडे जा. थोड्याच वेळात बोर्ड दिसतो: 'घरगुती मालवणी जेवण'. आत गेलात तर समोर आमच्याच घरचं ताट. तीच सोलकढी, तेच तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तेच घावणे. फक्त आता ते महाराष्ट्राचं झालं. म्हणजे अलीकडे आमचं जेवण गोव्याचं म्हणून खपत नाही, आणि पलीकडे ते खपतं पण त्यात पेडण्याचं नाव नाही. छान व्यवस्था आहे!

हे असं का झालं ते समजायला फार लांब जायला नको. तिसवाडी पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतली, बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये. डिचोली आणि सत्तरी त्यांच्या हाती गेली ती १७८० नंतर, आणि पेडणं १७८८ मध्ये. तोवर हा सगळा सावंतवाडीच्या भोसल्यांचा मुलूख. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी यांच्यातलं हे अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचं अंतर चुलीवर अजून दिसतं. तिकडे व्हिनेगर आलं, डुकराचं मांस आलं, भट्टीतले गोड पदार्थ आले. आमच्याकडे आंबटाला सोलं, बिमलां, आंबाडे आणि कैरी हेच राहिलं. मात्र यावरून शुद्धतेच्या गप्पा कोणी मारू नयेत. मिरची, काजू, बटाटा, अननस हे सगळं पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आलेलं. 'आमचं तेवढं अस्सल' म्हणायचं असेल तर आधी मिरची परत करावी लागेल, मग बसा मिरी वाटत.

माझी तक्रार एवढीच, की पर्यटनाच्या धंद्याने जुन्या काबिजादींचं स्वयंपाकघर म्हणजे सगळा गोवा असं परस्पर ठरवून टाकलं. बारा तालुक्यांतल्या निम्म्याहून जास्त तालुक्यांची चूल त्यात धरलीच नाही.

काय आहे त्या चुलीवर? पेजेपासून सुरू करू, कारण तिला सगळे गरिबाचं खाणं म्हणून हसतात. उकड्या तांदळाची पेज सकाळी दहा-अकराला, शेतातून आल्यावर. सोबत मिठाच्या पाण्यात मुरवलेलं तोर, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर सुक्या सुंगटांची किसमूर. उन्हात चार तास वाकून काम केलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि दम एकाच वाडग्यात मिळतो. शहरात हेच बाटलीत भरून शंभर रुपयांना विकतात आणि त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात.

मग खतखतं. चतुर्थीच्या जेवणात ते नसेल तर आमच्याकडे जेवण पुरं होत नाही. तूरडाळ, ओलं खोबरं, भोपळा, सुरण, माडी, काटेकणगं, करांदे, नीरफणस, कच्ची केळी, मुळा, शेंगा, थोडा गूळ, थोडी सोलं आणि वरून ठेचलेलं तिरफळ. बी काढून टाकायची, साल ठेचायची. तिरफळ चावून खायचं नसतं, फक्त वास आणि जिभेला बारीक झिणझिणी. पहिल्यांदा खाणारा पाहुणा ते चावतो आणि मग पाच मिनिटं गप्प बसतो, ते बघण्यासारखं असतं. या भाज्यांतल्या निम्म्या बाजारात मिळत नाहीत. त्या परसात लावाव्या लागतात किंवा रानातून खणून आणाव्या लागतात. म्हणजे खतखतं शिजायचं असेल तर आधी परस हवं, रान हवं, आणि करांद्याचा वेल ओळखणारी म्हातारी हवी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पावसात टाकळा, अळू, फागलां, कोवळ्या बांबूचे कोंब, वारुळावरची अळंबी. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. काकडीची तवसळी. शिरवाळे आणि नारळाच्या रसात गूळ. चण्याची डाळ आणि साबुदाण्याचं मणगणं. जत्रेत खाजं. सावंतवाडीच्या मित्रा, यातलं एक तरी तुला परकं वाटलं का?

माझी एक मावशी मांद्र्याकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. घरी तिच्या हातचं खतखतं खायला अख्खा वाडा येतो. हॉटेलात ती दिवसभर पास्त्याला सॉस करते. मी विचारलं, एक दिवस आपलं जेवण का नाही ठेवत गे? ती म्हणाली, "मागणारो कोण असा रे थंय?" मालकाला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. पण प्रश्न मागणाऱ्याचा आहे, आणि मागणारे आपण आहोत. आपल्याच लग्नाच्या बुफेत पनीर, मन्चुरियन आणि कुठून तरी आलेला 'चाट काउंटर' असतो. खतखतं एका कोपऱ्यात, तेही तिरफळाशिवाय, कारण केटररला ते मिळालं नाही.

आता खरी गंमत बघा. सरकारं जिथे आपल्या खाण्याचा मान करायला गेली तिथेच त्यांनी ते सीमेवर मधोमध कापलं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, तुम्हाला माहीत असेल. ते मिळालं की ठरवून दिलेल्या प्रदेशातल्या उत्पादकांनाच ते नाव लावता येतं. कोकमाला ते मिळालं, नाव आहे सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम. आरोंद्यातल्या रातांब्याला हे नाव लागतं. किरणपाणीची खाडी ओलांडून पालयेत आलात की तेच झाड, तोच पाऊस, तेच लाल दगडी भरड, पण तिथे त्याला भिरण म्हणतात आणि त्याच्या सोलांना ते नाव लावायची सोय नाही. पाखरांनी बी इकडून तिकडे नेली असेल तर तो गुन्हा कोणाचा?

काजूचं त्याहून मजेशीर. वेंगुर्ला काजूला एक मानांकन, आणि २०२३ मध्ये गोवा काजूला दुसरं. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात तयार झालेली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं पेडण्यातल्या भाटांत लावलेली आहेत. म्हणजे जातीने वेंगुर्ल्याची, मानांकनाने गोव्याची. आणि त्याच बोंडाच्या रसाचं बघा: अलीकडे त्याची फेणी होते, तिला २००९ पासून मानांकन आहे, गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. पलीकडे त्याच बोंडाचा रस भट्टीवर चढवला तर पोलीस येतात. सिंधुदुर्गात मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली बोंडं कुजतात, आणि शेतकरी फक्त बी विकतो.

खाज्याला २०२१ मध्ये गोव्याचं मानांकन मिळालं, मला आनंदच झाला. पण जत्रेत फिरलेल्या कोणालाही विचारा. दशावताराची कंपनी एका रात्री नदीच्या त्या बाजूला खेळ करते, पुढच्या रात्री या बाजूला, आणि खाज्याची दुकानंही तशीच जत्रेमागून जत्रा फिरतात. बेसनाच्या कांड्या, गूळ, आलं. दोन्हीकडे तेच.

कोणी म्हणेल, कायदा आहे, प्रत्येक राज्य आपापलं बघणार. हे खोटं आहे. कोल्हापुरी चप्पल आठवा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार, असं मिळून तिचं मानांकन आहे. ज्या दोन राज्यांचा सीमावाद सुप्रीम कोर्टात पडून आहे, त्यांना चपलेसाठी एका अर्जावर सही करता आली. महाराष्ट्र आणि गोव्यात असा कुठला खटला आहे म्हणून कोकमाला ते जमू नये? बासमती तर सात राज्यं-केंद्रशासित प्रदेशांची आहे. चप्पल नदी ओलांडते, तर सोलांनी का ओलांडू नये?

तरीही मानांकन हा फार तर कागद. त्या कागदामागची जमीन कोणाकडे आहे ते बघितलं की जास्त राग येतो. हरमलच्या मिरचीला मानांकन मिळालं तेही २०२१ मध्येच. मिरची होते ती बायकांच्या कष्टावर. आणि हरमल, मोरजी, मांद्र्याच्या प्रत्येक उताराला आज दिल्ली-मुंबईचं गिऱ्हाईक आहे. मिरचीचं नाव राजपत्रात सुरक्षित झालं, मिरची लावायचा मळा मात्र 'सी व्ह्यू व्हिला' म्हणून जाहिरातीत आहे.

आगरवाड्याचं नावच आगरावरून पडलेलं. शापोरा नदीच्या काठी तिथे अजून मीठ पिकतं. तोरं मुरवायला, मासे खारवायला आमच्याकडे हेच जाडं मीठ लागतं. पण २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. गलगंडाचा प्रश्न खरा आहे, आयोडीनला माझा विरोध नाही. पण छोट्या आगराला आयोडीन मिसळायचं यंत्र, प्रशिक्षण, बाजार यांतलं काय दिलं? पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेलं मीठ आता माडाच्या मुळाशी घालायचं मीठ झालं.

डिचोलीचं तर बोलूच नये. शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव ही सरद आणि वायंगण अशी दोन पिकं घेणारी गावं. खाणींची लाल माती शेतात आणि तळ्यांत उतरली, झरे आटले. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने खाणी २०१२ मध्ये थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २०२२ च्या लिलावात डिचोली आणि शिरगाव-मये हे ब्लॉक परत गेले. खाणीवर घरं चालली हे खरं आहे, आमच्या आजोळचीही चालली. पण वायंगणाचं शेत गेलं की उकडा तांदूळ रेशनचा येतो, आणि पेजेला ती चव येत नाही. मग पोरं म्हणतात, पेज बेचव असते. बरोबरच म्हणतात.

आणि मोपा. त्या सड्यावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. नोकऱ्यांचं काय झालं तो वेगळा लेख होईल. इथे एवढंच की काजूची भाटं, गुरांचं चरण आणि पावसाळी रानभाज्या ज्या सड्यावर मिळायच्या तो आता कुंपणाच्या आत आहे. उतरणाऱ्या पाहुण्याला मात्र कळतच नाही की तो कुठल्या तालुक्यात उतरला.

बेळगाव-खानापूरच्या मित्रांनो, तुम्हाला वाटेल हे आमचं रडगाणं. तसं नाही. चोर्ला घाटातून रोज उतरणारी तुमची भाजी नसेल तर डिचोलीच्या बाजारात कोबी-टोमॅटो मिळणार नाही. ज्या तालुक्यांत परसात अकरा भाज्या होत होत्या ते आज तुमच्या टेम्पोची वाट बघतात. तुमच्याकडची शिवारं रिंगरोडला आणि प्लॉटला गेली की आमची चूलही थंड पडणार.

सोशल मीडियावर मी रोज बघतो: सोलकढी गोव्याची की मालवणची, पेज कोंकणी की मराठी. तीनशे-चारशे कमेंट, आई-बहिणीपर्यंत. त्या भांडणाऱ्यांतल्या किती जणांच्या परसात भिरणाचं झाड आहे? झाड तोडून वाद जिंकणारे खूप झाले.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, कोकम आणि खाजं यांच्यासाठी सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून मानांकनाची मागणी व्हावी. पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला या पाच तालुक्यांतल्या उत्पादकांनी, बचत गटांनी आणि ग्रामसभांनी ठराव घ्यावेत. आपल्या आमदारांना सभेत उभं राहून विचारा, चपलेला जमलं ते सोलांना का नाही. उत्तर देताना ते कुठल्या राज्याचे आहेत याने फरक पडू नये.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. येत्या चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधली जाईल, पलीकडे माटवी. तिच्यात टांगलेल्या प्रत्येक फळाचं, कंदाचं, पानाचं नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून काढा. ते तुमच्या गावात अजून कुठे उगवतं तेही लिहा, आणि विकत आणलं असेल तर कुठल्या बाजारातून: गुरुवारच्या पेडण्यातून, बुधवारच्या डिचोलीतून, की शुक्रवारच्या म्हापशातून. गावाच्या नावासकट या पानावर पाठवा. भिरण म्हणत असाल तर भिरण लिहा, रातांबा म्हणत असाल तर रातांबा, दुरुस्त करू नका.