गुलामीची आठवण आणि गोरे-काळे इस्रायल

परंपरा हा शब्द ऐकला की आमच्या कपाळावर आठी पडते, आणि ते रास्तच आहे. ज्या परंपरेने शूद्रातिशूद्रांना अक्षर नाकारले तिचे गोडवे आम्ही का गावेत? पण परंपरा म्हणजे मनूचीच असते असे नाही.

ज्यू लोकांचा वल्हांडण सण पाहा. त्या रात्री घरातले सर्वात लहान मूल आधी प्रश्न विचारते, मगच कहाणी सांगणे सुरू होते. उत्तर पूर्वजांच्या पराक्रमापासून सुरू होत नाही. आपण मिसर देशात फारोचे गुलाम होतो, इथून सुरू होते. ताटात गुलामीचा कडवटपणा म्हणून कडू पाला असतो, अश्रूंची आठवण म्हणून मिठाचे पाणी असते. गुलामीची लाज नाही, लपवाछपवी नाही. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. यज्ञ संपले, पुरोहिताचे काम संपले आणि त्या जागी ग्रंथ व शिक्षक आले. तालमूद या ग्रंथात हिलेल आणि शम्माई या दोन पक्षांचे वाद नोंदले आहेत. निर्णय बहुधा हिलेलच्या बाजूने, तरी हरलेल्याचे मत खोडलेले नाही. आजही दोघे-दोघे समोरासमोर बसून, मोठ्याने भांडत तो वाचतात.

मात्र इथेच थांबलो तर आम्ही भाबडे ठरू. या विद्येच्या दारातून बाईला शतकानुशतके आत घेतले नाही. प्रश्न फार पुढे नेणाऱ्या स्पिनोझाला 1656 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ज्यूंनी बहिष्कृत केले. बहिष्कृत या शब्दाचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगायला नको!

आणि आपल्या कोकणात काय झाले? तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना शनवार तेली म्हटले, ते बेने इस्रायल. त्यांचा वल्हांडणाचा ग्रंथ, हग्गादा, 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ त्याच्या एकच वर्ष आधीची. म्हणजे एकाच काळात गुलामीच्या दोन कहाण्या मराठीत छापल्या गेल्या. पण ती कहाणी दरवर्षी वाचणाऱ्या या समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. काळ्यांची आई मूळची ज्यू नव्हे, असे म्हणत गोरे त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करीत नसत. फारोपासून सुटका झाल्याची कहाणी तोंडपाठ, आणि शेजारचा विटाळलेला!

पुढे हेच लोक इस्रायलला गेले. 1960 च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नाच्या वेळी आई-आजीचे कूळ तपासायला सुरुवात केली. गोऱ्यांनी काळ्यांना विचारलेला प्रश्न आता सगळ्यांनाच विचारला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले, तेव्हा 1964 मध्ये सरकार नमले. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसरात परके होता, असे ज्यांचा धर्मग्रंथ बजावतो, त्यांचेच राज्य पॅलेस्टिनी माणसाला लष्करी अंमलाखाली ठेवते. आणि त्याच आज्ञेचा आधार घेऊन काही ज्यू त्याविरुद्ध रस्त्यावरही उतरतात. आठवण एकच, पण तिला प्रश्न विचारणारा घरात असला तर ती एक काम करते, नसला तर उलटे.

आम्हाला हे सांगावेसे वाटले कारण 14 ऑक्टोबरला पांढरे कपडे घालून निघणारी आमची घरेही आम्ही पाहतो. धर्मांतराला जवळपास सत्तर वर्षे होत आली, आणि बौद्ध वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना अजून छापला जातो. आजोबांनी धर्म का बदलला, असे पोराने विचारले की कामाच्या गडबडीत आम्ही फोटोकडे बोट दाखवून मोकळे होतो. उद्या तेच पोर तो फॉर्म हातात घेऊन विचारील, मग हा रकाना कशाला?

भरणारे आम्हीच आहोत.