‘तुझं मराठी किती छान आहे गं!’

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला संतसाहित्याचा पेपर शिकवताना मागे एकदा माझ्याकडून एक चूक घडली. सिल्लोड तालुक्यातल्या एका खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थिनीने एकनाथांच्या भारुडांवरचा निबंध वर्गात वाचून दाखवला. निबंध नेटका होता, वाचनही चांगले होते. तो संपताच मी उत्स्फूर्तपणे म्हणाले, “तुझं मराठी किती छान आहे गं!” त्याच तासाला आणखी दोघांनी निबंध वाचले होते आणि ते तिच्यापेक्षा उणे नव्हते. त्यांच्या मराठीविषयी मी अवाक्षर काढले नव्हते. ही मुलगी मुसलमान होती. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, मला दुसरी कुठली भाषा एवढी येतच नाही.” वर्ग हसला, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते हसू टिकले नाही.

पूर्वग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दंगल येते, दगड येतात, फार तर भाड्याने घर नाकारणारा मालक येतो. त्याचे एक सभ्य, सुशिक्षित आणि कौतुकाच्या सुरात बोलणारे रूपही असते, आणि ते आमच्यासारख्या भाषेच्या प्राध्यापकांच्या तोंडी अधिक शोभून दिसते. माझ्या त्या वाक्यात निंदा नव्हती. त्यात एक गृहीतक तेवढे होते: मराठी ही मुळात हिची नव्हे, हिने ती कष्टाने मिळवलेली आहे. पाहुण्याने आपल्या घरची भाजी आवडीने खाल्ली की आपण जसे सुखावतो, तसे मी सुखावले होते. पण ती पाहुणी नव्हती, घरचीच होती.

विशेष म्हणजे ही बोच मला अपरिचित नव्हती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका उजळणी वर्गात माझे टिपण ऐकून एका ज्येष्ठ सहभागी प्राध्यापकांनी “तुम्ही मराठवाड्याच्या असून इतकं शुद्ध बोलता?” असे कौतुक केले होते. ‘असून’ हा शब्द मी अजून विसरलेले नाही. आमच्याकडचे ‘करायलो’, ‘जायलो’ ऐकून त्यांच्या मनात जे चित्र तयार झाले असेल, त्यात मी बसत नव्हते, म्हणून मी अपवाद ठरले. ज्या मापाने मला मोजले गेले त्याच मापाने मी माझ्या विद्यार्थिनीला मोजले. दुखावलेला माणूस दुसऱ्याला दुखावण्यापूर्वी थबकतो, ही समजूत निदान माझ्या बाबतीत तरी खोटी ठरली.

अपवाद ठरवण्याची ही रीत मोठी सोयीची आहे. समोरचा माणूस आपल्या समजुतीला खोटे पाडत असला तरी समजूत बदलावी लागत नाही, माणसाला तेवढे बाजूला काढले की काम भागते. याचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्याच शहरात होते. यू. म. पठाण सर आमच्या विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख होते. महानुभाव साहित्य आणि संतसाहित्य हे त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र. १९९० मध्ये पुण्यात भरलेल्या ६३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जानेवारी २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांनी आदराने लिहिले, बोलले. पण त्या बोलण्यात ‘मुसलमान असूनही’ हा सूर मी कितीदा तरी ऐकला. चक्रधरांच्या परंपरेवर आयुष्य घालवणाऱ्या अभ्यासकाला त्याच्या अभ्यासाने ओळखण्याऐवजी आपण ‘असूनही’ने ओळखतो.

आणि त्याच १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. हे दोन प्रसंग मी वर्गात नेहमी शेजारी ठेवते. एकीकडे मुख्य संमेलनाचे अध्यक्षपद एका मुसलमान संशोधकाकडे, आणि दुसरीकडे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकांना आपले वेगळे संमेलन भरवण्याची निकड. वेगळ्या चुलीची तक्रार करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा की, एका सन्माननीय अपवादाने बाकीच्यांची कोंडी फुटते काय? दलित साहित्याच्या वेळीही हीच तक्रार झाली होती. गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघाले, हे आपण सोयीने विसरतो.

आता साहित्याकडेच पाहू. आपल्या लोकप्रिय नाटकांत आणि विनोदी कथांत मुसलमान पात्र आले की ते बहुधा एका ठरीव मोडक्या हिंदी-मराठीत बोलते. लेखकाला त्याचा स्वभाव रंगवण्याचे कष्ट पडत नाहीत, दोन-चार ‘हमको-तुमको’ टाकले की पात्र उभे राहिले. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली आली. कोकणातला मुसलमान तिथे माणूस म्हणून, त्याच्या गावासकट आणि गावाच्या राजकारणासकट दिसतो. असे असूनही त्यानंतरच्या साठ वर्षांत आपल्या रंगभूमीवरचा तो मोडका ‘भाई’ फारसा बदललेला नाही.

गंमत अशी की ज्या बोलीची आपण थट्टा करतो तिच्यात आपणच बसलेलो असतो. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत बोलल्या जाणाऱ्या दखनीतला ‘नक्को’ हा आपलाच ‘नको’ आहे. ‘ऐसाइच’, ‘मैंइच’ यांतला ‘इच’ हा मराठीतला ‘च’ आहे. उत्तरेकडच्या उर्दूभाषकाला हा ‘इच’ हास्यास्पद वाटतो, तोही दखनी माणसाला नाके मुरडतो. म्हणजे हा माणूस दिल्ली-लखनौकडून मराठीमुळे हिणवला जातो आणि आपल्याकडून हिंदीमुळे. वली आणि सिराज हे ‘औरंगाबादी’ म्हणून ओळखले जाणारे दोन मोठे कवी आमच्या शहराच्या नावाने उर्दूच्या इतिहासात आहेत. मराठी विभागातल्या आमच्यापैकी किती जणांनी त्यांची एखादी गझल अनुवादातून तरी वाचली आहे? हा प्रश्न मी प्रथम मलाच विचारते. (शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. आता कोण कोणते नाव उच्चारतो यावरून त्याचा धर्म आणि पक्ष ताडण्याचा एक नवा खेळ सुरू झाला आहे. चहाच्या टपरीवर तो रोज रंगतो.)

पूर्वग्रह एकाच बाजूने असतात असे मी म्हणत नाही. त्या विद्यार्थिनीने पुढे ओळख वाढल्यावर सांगितले की, तिने मराठीत एम.ए. करायचे ठरवले तेव्हा तिचे मामू म्हणाले होते, “उनकी जबान पढ़के क्या करेगी?” मामूंची ‘उनकी जबान’ आणि माझे ‘किती छान’ यांत मला आता फार अंतर दिसत नाही. तिच्या गावात तिची नानी जात्यावर ज्या ओव्या म्हणायची त्या मराठी होत्या. त्या ओव्या मामूंनी लहानपणी ऐकल्या असणारच.

तिचा निबंध एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’वर होता. पैठण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे हा सारा आमच्या उंबऱ्यावरचाच प्रदेश. या भारुडात दोघेही एकमेकांना भरपूर बोलतात. तुर्क सोवळ्याओवळ्याची आणि पुराणकथांची टर उडवतो, हिंदू त्याच्या पश्चिमेकडच्या देवाविषयी प्रश्न विचारतो, आणि भांडून झाल्यावर ते गळामिठी घालतात. आपण शिकवताना त्या शेवटच्या मिठीवर भर देतो. माझ्या विद्यार्थिनीने वेगळीच गोष्ट हेरली होती. तिने लिहिले होते की दोघांना एकमेकांचे ग्रंथ आणि आचार तपशीलवार ठाऊक आहेत, म्हणून त्यांना भांडता तरी येते. मला हे निरीक्षण त्या मिठीपेक्षा मोलाचे वाटते. सोळाव्या शतकातल्या त्या दोघांनी एकमेकांची निंदादेखील माहितीच्या आधारे केली. मी तर कौतुकसुद्धा माहितीवाचून केले, आणि ज्या निबंधातून हे शिकायचे होते तो ऐकून झाल्यावर केले.

या प्रसंगानंतर आमच्या अभ्यासक्रमाकडे पाहताना एक गोष्ट खटकू लागली. ‘योगसंग्राम’कर्ते श्रीगोंद्याचे शेख महंमद आमच्याकडे ‘मुसलमान मराठी संतकवी’ या स्वतंत्र घटकात येतात. रा. चिं. ढेरे यांनी याच नावाच्या ग्रंथातून या कवींना विस्मृतीतून बाहेर काढले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्या शिर्षकाने शोध सोपा केला त्याचेच पुढे कप्प्यात रूपांतर झाले. योगपर अध्यात्म शिकवताना शेख महंमदांचे नाव निघत नाही आणि सतराव्या शतकातल्या मराठी ग्रंथरचनेचा आढावा घेतानाही ते राहून जाते. ते निघते ‘हेही होते’ असे सांगण्यापुरते.

त्यांना त्या घटकातून काढून मुख्य प्रवाहात घ्यावे असे मी विभागातल्या चर्चेत सुचवले. एका सहकाऱ्यांनी विचारले, “मग विद्यार्थ्यांना ते मुसलमान होते हे कळणार कसं? आणि आजच्या दिवसांत तर ते कळायलाच हवं ना?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वेगळे दाखवले तर ते अपवाद ठरतात आणि मिसळून टाकले तर दिसेनासे होतात. मला उत्तर सुचले नाही. प्रस्तावाचा कागद अजून माझ्या टेबलावर आहे, आणि अभ्यासमंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.